ट्रेलरमध्ये झोपावे की सामान वाहावे? सातारा परिसरात मुक्कामाला निघणाऱ्या नवख्यांसाठी

मोटारीमागे लहान ट्रेलर जोडून दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाला निघण्याची पद्धत आपल्याकडे अजून नवी असली, तरी ट्रेलर ही वस्तू सातारा-सांगलीच्या माणसाला मुळीच नवी नाही. उसाच्या हंगामात कराडपासून सांगलीपर्यंतच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जाताना आपण लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्या बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीरही जवळपास मिळतात. त्यामुळे सांगाडा, एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा), पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि पत्रा यांच्यापाशी नवख्याचे फारसे अडत नाही. अडते ते आत गादी घालायची की सामान भरायचे या निर्णयापाशी, आणि बहुतेक जण हा निर्णय ट्रेलर दारात येऊन उभा राहिल्यावर घेतात. तो आधी घ्यावा लागतो, कारण आतील उंची, दाराची जागा, खिडक्या आणि एक्सल किती मागे असावा, हे सर्व त्यावरच ठरते.

मी पहिला ट्रेलर करून घेतला तेव्हा आत सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा लाकडी पलंग कायमचा ठोकून घेतला होता. घरात आम्ही चौघे. ऑगस्टमध्ये बामणोलीजवळ एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर उतरलो, तेव्हा दिवसभर त्या पलंगावर रचलेले सर्व सामान रात्री झोपण्यासाठी बाहेर काढावे लागले आणि तासाभरात पावसाने जोर धरला. तांदूळ, शेगडी, मुलांचे कपडे आणि दुसऱ्या दिवशीची भाजी हे सर्व एका प्लॅस्टिकच्या कागदाखाली रात्रभर भिजत राहिले, तर आम्ही दोघे मात्र आत कोरडे झोपलो होतो आणि मुले शेजारच्या तंबूत. त्या रात्रीपासून ट्रेलरचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो : ट्रेलरमध्ये दिवसा जे सामान असेल, ते रात्री कोठे जाणार? या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहिता येत नसेल, तर ट्रेलर झोपण्यासाठी करू नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी : मोटारीतील रिकाम्या जागा मोजा

वरच्या प्रश्नाचे उत्तर ट्रेलरमध्ये मिळत नाही, ते मोटारीत मिळते. पाच आसनांच्या मोटारीतून दोघेच जाणार असतील, तर मागचे आसन दुमडून तेथे जवळजवळ सर्व सामान मावते. ते रात्रीही तेथेच कुलूपबंद राहते आणि ट्रेलर झोपण्यासाठी मोकळा राहतो. अशा जोडप्याने झोपण्याचा ट्रेलर खुशाल करावा. तेथेच चौघे किंवा पाच जण बसले, तर मोटार माणसांनीच भरते, सामानाला ट्रेलरखेरीज दुसरी जागा उरत नाही आणि मग झोपण्याची सोय तंबूत करणेच शहाणपणाचे ठरते. मधली स्थिती तिघांची असते. दोन मोठी माणसे आणि एक लहान मूल चार फुटांच्या गादीवर एखादी रात्र काढू शकतात, पण मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की ती सोय संपते; ट्रेलर दहा वर्षे वापरायचा आहे हे ध्यानात ठेवून मोजमाप करावे.

घरातील वडीलधारी माणसे बरोबर येणार असतील, तर हा हिशेब बदलतो. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जमिनीवर अंथरलेल्या गादीवरून उठणे ज्यांना जड जाते, त्यांना जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीवरचा ट्रेलरमधील बिछाना फार सोयीचा पडतो. माझ्या आईला तंबूतील एका रात्रीनंतर पुन्हा येण्याची इच्छा उरली नव्हती, ट्रेलरमधील बिछान्यावर मात्र ती तीन रात्री निवांत झोपली. अशा वेळी ट्रेलर वडिलधाऱ्यांना द्यावा, बाकीच्यांनी तंबूत झोपावे आणि सामानासाठी एक स्वतंत्र लहान तंबू किंवा मोटारीची मागील जागा आधीच राखून ठेवावी.

एका ठिकाणी किती रात्री काढणार, हाही प्रश्न याच पायरीवर सोडवावा. रोज नव्या गावी उतरायचे असेल, म्हणजे आज धोम धरणाकाठी, उद्या कोयनेकडे, परवा दंडोबाच्या डोंगराकडे असा बेत असेल, तर रोज तंबू उभारणे आणि ओला तंबू गुंडाळणे कंटाळवाणे होते. दार उघडून आडवे होता येणारा ट्रेलर येथे उपयोगी पडतो. एकाच शेतावर तीन-चार रात्री राहायचे असेल, तर तंबू एकदाच उभारावा लागतो आणि सामानाचा ट्रेलर स्वयंपाकघरासारखा कामी येतो.

दुसरी पायरी : ऋतू आणि जमीन

सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग आणि पूर्व भाग यांच्यात पावसाचा जेवढा फरक आहे, तेवढा फरक फार थोड्या जिल्ह्यांत आढळतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण-खटावकडे किंवा सांगलीच्या जत भागात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपासच राहतो. जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्याकडे मुक्काम करायचा असेल, तर साध्या तंबूवर भिस्त ठेवू नये. पाऊस आडवा येतो, धुके दिवसभर हटत नाही आणि एकदा ओली झालेली गादी घरी येईपर्यंत वाळत नाही. या ऋतूत घाटमाथ्याकडे जाणाऱ्यांनी एक तर ट्रेलरमध्ये झोपावे, नाही तर गावातील घरगुती निवासाची खोली घ्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तंबूसाठी सर्वांत उत्तम काळ आहे. मात्र महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या लाटेत दवबिंदू गोठतात, हे विसरू नये आणि जमिनीची थंडी अडवणारी जाड चटई अंथरुणाखाली घालावी.

एप्रिल-मेमधील वळवाकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. दुपारपर्यंत आभाळ स्वच्छ असते, चारच्या सुमारास ढग दाटतात आणि पावसाआधी वारा येतो. हा वारा चांगल्या तंबूलाही उखडून टाकतो. सामानाचा ट्रेलर आणि तंबू अशी मांडणी असेल, तर ट्रेलर वाऱ्याच्या बाजूला उभा करून त्याच्या आडोशाला तंबू लावावा आणि तंबूची एक दोरी ट्रेलरच्या सांगाड्याला बांधावी. विजा चमकू लागल्या की तंबू आणि प्लायवुडचा ट्रेलर ही दोन्ही ठिकाणे सोडून काचा बंद केलेल्या मोटारीत बसावे, आणि एकट्या उंच झाडाखाली तर मोटार, ट्रेलर, तंबू यांपैकी काहीच उभे करू नये.

जमिनीचा विचार मी ऋतूइतकाच महत्त्वाचा मानतो. कासकडच्या सड्यांवर जांभा दगड आहे, त्यात तंबूची खुंटी शिरत नाही. माण-खटावच्या मुरमाड जमिनीत ती शिरते, पण पातळ सळईची असेल तर वाकते. तेथे लोहाराकडून जाड सळईच्या एक फुटी खुंट्या करून घ्याव्यात. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत खुंटी सहज जाते, मात्र पाऊस झाला की त्याच मातीत ट्रेलरचे चाक रुतते आणि भरलेला ट्रेलर बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणून काळ्या रानात उतरताना ट्रेलर रस्त्यालगतच्या मुरमावर उभा करावा आणि तंबू आत लावावा. झोपण्याच्या ट्रेलरला ही मोकळीक नसते, कारण तो जेथे उभा राहील तेथेच झोपावे लागते. रस्त्यालगत झोपणे त्रासाचेही असते आणि धोक्याचेही.

तिसरी पायरी : वजन, आणि ते कोठे ठेवायचे

ही पायरी वगळून पुढे जाऊ नये. आपल्या मोटारीला किती वजन ओढण्याची परवानगी आहे, हे तिच्या मालकपुस्तिकेत पाहावे किंवा निर्मात्याच्या सेवा केंद्रात लेखी विचारावे; काही लहान मोटारींना ट्रेलर जोडण्याची मुभाच नसते. जोडणीचा हुक बसवण्यापूर्वी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे साताऱ्याला एमएच ११, सांगलीला एमएच १० किंवा कराडला एमएच ५० च्या कार्यालयात, नियम विचारून घ्यावेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे, त्यामुळे ट्रेलरच्या नोंदणीचा आणि विम्याचा विचार मोटारीपासून वेगळा करावा लागतो. कारागिराशी व्यवहार ठरवतानाच कागदपत्रे कोण करून देणार, हे लिहून घ्यावे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने सुंदर ट्रेलर करून घेतला आणि कागदांअभावी तो आता शेतात वैरण ठेवण्यासाठी वापरला जातो.

वजनाचा अंदाज मनाने करू नये, बेरीज करावी. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून वीस लिटरचे तीन जार भरले की साठ किलो झालेच. पाच किलो गॅसची टाकी तिच्या पोलादी वजनासह दहा किलोंच्या पुढे जाते. चौघांचा तंबू आठ-दहा किलो, गाद्या आणि पांघरुणे वीस किलो, भांडी, शिधा आणि शेगडी मिळून पंचवीस-तीस किलो, खुर्च्या आणि घडीचे टेबल पंधरा-वीस किलो, बर्फाची पेटी वीस किलो. एवढ्यातच दीडशे किलोंच्या पुढे आपण पोचतो. झोपण्याच्या ट्रेलरमध्ये हे सामान कमी असते, पण पलंग, गादी, खिडक्या, दारे आणि आतील अस्तर यांमुळे रिकामा ट्रेलरच जड होतो. दोन्ही प्रकारांत ट्रेलर पूर्ण भरून एकदा वजनकाट्यावर तोलून घ्यावा. बाजार समितीच्या आवारात, साखर कारखान्यांवर किंवा रस्त्याकडेला असे काटे आहेत आणि तोलाई फार नसते.

एकूण वजनाइतकेच महत्त्व वजनाच्या जागेला आहे. बैलगाडी भरताना मागे जास्त भार पडला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. मोटारीमागच्या ट्रेलरचेही तसेच आहे, फक्त वेगामुळे परिणाम अधिक भयंकर होतो. मागे भार असलेला ट्रेलर वेग वाढताच डावी-उजवीकडे डोलू लागतो आणि त्या डोलण्याने मोटारच रस्त्याबाहेर ओढली जाऊ शकते. हे टाळण्यासाठी ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर पडेल अशी मांडणी करावी. भरलेला ट्रेलर चारशे किलोंचा असेल, तर हुकावर चाळीस ते साठ किलो भार हवा. तो मोजण्यासाठी ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, मोटारीला जोडल्या जाणाऱ्या पुढच्या दांडीच्या टोकाखाली लाकडी ठोकळा घ्यावा आणि तो घरातील माणसांच्या वजनकाट्यावर टेकवावा. काटा जो आकडा दाखवेल, त्यातून ठोकळ्याचे वजन वजा करावे. हा भार मोटारीच्या हुकाच्या मर्यादेत आहे ना, हेही मालकपुस्तिकेतून ताडून पाहावे.

या बाबतीत झोपण्याच्या ट्रेलरची एक अडचण सहसा आधी सांगितली जात नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून रूढ झालेल्या, पाण्याच्या थेंबासारख्या आकाराच्या लहान ट्रेलरमध्ये पुढे बिछाना आणि मागचे झाकण उघडल्यावर स्वयंपाकाची फळी अशी रचना असते, आणि आपल्याकडचे बरेच कारागीर तिचीच चित्रे पाहून काम करतात. दिसायला ती देखणी आहे, पण गादी हलकी असते आणि मागचा स्वयंपाकाचा भाग जड असतो. पाण्याचे जार आणि गॅसची टाकीही मागेच ठेवली, तर ट्रेलर उलाळ होतो. तशी रचना हवी असेल, तर एक्सल मध्यापासून थोडा मागे घ्यायला कारागिराला सांगावे आणि पाणी एक्सलच्या पुढे, तळाशी ठेवण्याची जागा करून घ्यावी. सामानाच्या ट्रेलरमध्ये हा तोल प्रत्येक फेरीला आपल्या हातात असतो. सामानाच्या बाजूने मी मत देतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

चौथी पायरी : झोपण्याचा निर्णय झाला असेल तर

सर्वांत आधी हवेची सोय करावी. दोन माणसे रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. बंद पत्र्याच्या लहान खोलीत हे पाणी थंड भिंतींवर जमते, पहाटे छतावरून थेंब पडू लागतात आणि गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते. त्यावर उपाय म्हणजे जाळी लावलेली दोन छिद्रे, एक खाली आणि एक समोरच्या बाजूला वर, जी पावसातही उघडी ठेवता येतील. पत्र्याला आतून थर्माकोलचे जाड तक्ते आणि त्यावर पातळ प्लायवुड लावले, तर थंडीत पाणी कमी जमते आणि दुपारी भट्टीही होत नाही. गादीखाली सलग फळी न टाकता फटी ठेवून पट्ट्या ठोकाव्यात.

ट्रेलरमध्ये गॅसची शेगडी, कोळशाची शेगडी, निखाऱ्यांचे घमेले यांपैकी काहीही, थंडी कितीही असली तरी, पेटवू नये. जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तळाशी, म्हणजे बिछान्याच्या पातळीवर साचतो. म्हणून टाकी झोपण्याच्या खणात कधीच नसावी, आणि ती ज्या खणात असेल त्याच्या तळाला मोकळी छिद्रे असावीत. थंडीसाठी गोधडी, घोंगडी आणि लोकरी टोपी पुरेशी होते.

दाराबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. आपल्याकडचे कारागीर मालवाहू ट्रेलर बनवण्यात तरबेज असल्यामुळे दाराला सवयीने बाहेरून कडी-कोयंडा लावतात. माणूस झोपणार असलेल्या खणाचे दार आतून उघडलेच पाहिजे, आणि दाराखेरीज बाहेर पडता येईल एवढी एक खिडकीही दुसऱ्या बाजूला हवी. ट्रेलर ताब्यात घेताना स्वतः आत बसून, दिवा बंद करून, अंधारात दोन्ही वाटा उघडून पाहाव्यात. आतील उंची गादीवर ताठ बसता येईल एवढी, म्हणजे गादीपासून किमान तीन फूट ठेवावी. नुसते आडवे होण्यापुरती उंची ठेवली, तर पावसात अडकून पडलेली दुपार त्यात काढता येत नाही.

एका एक्सलचा ट्रेलर मोटारीपासून सोडवला की तो तराजूसारखा होतो. रात्री कोणी मागच्या टोकाकडे सरकले, तर पुढची दांडी वर उचलली जाते आणि झोपलेले सर्व जण मागे घसरतात. म्हणून चारही कोपऱ्यांना स्क्रूने वर-खाली होणारे टेकू बसवून घ्यावेत आणि झोपण्यापूर्वी ते जमिनीला घट्ट लावावेत. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय ट्रेलर मोटारीपासून सोडवू नये, आणि उतारावर तर तो सोडवूच नये. मुक्कामाची जागा सपाट आहे की नाही, हे गादीवर पाण्याची बाटली आडवी ठेवून कळते. थोडासा उतार राहणारच असेल, तर डोके उंच बाजूला घ्यावे.

ट्रेलर चालत असताना त्यात कोणीही बसू किंवा झोपू नये. मुले हट्ट करतात, तरी ऐकू नये.

पाचवी पायरी : सामानाचा निर्णय झाला असेल तर

येथे काम सोपे आहे, पण शिस्त लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि दीड फूट खोल एवढी साधी पेटीसुद्धा छत्तीस घनफूट, म्हणजे सुमारे हजार लिटर सामान घेते. एवढी जागा दिसली की घरातील निम्मा संसार बरोबर घ्यावासा वाटतो. त्यामुळे आधी सामानाची यादी करावी, तिचे वजन मांडावे आणि त्यानंतरच पेटीचे माप ठरवावे.

झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेट्या घ्याव्यात आणि प्रत्येक पेटीवर आत काय आहे ते रंगाने लिहावे. जड सामान एक्सलवर आणि त्याच्या किंचित पुढे, तळाशी ठेवावे. हलके सामान वर आणि मागे ठेवावे. सर्वांत शेवटी, म्हणजे मागच्या दाराशी, तंबू आणि मोठी ताडपत्री ठेवावी, कारण पावसात पोचल्यावर सर्वांत आधी तीच लागते. आधी ताडपत्री बांधून तिच्याखाली उभे राहून तंबू लावला, तर तंबूचा आतला भाग कोरडा राहतो. मागचे दार खाली पडणारे केले आणि त्याला दोन साखळ्या लावल्या, तर तेच स्वयंपाकाचा ओटा होते. दाराच्या कडेला मोटारीच्या दाराला असते तशी रबरी पट्टी लावावी. ती नसेल, तर पावसाचे पाणी आणि उन्हाळ्यात कच्च्या वाटांवरची धूळ शिधा खराब करते.

महाबळेश्वर, पाचगणी, सज्जनगड या भागांत माकडे तंबूची चेन सहज उघडतात. शिधा कडी लावलेल्या ट्रेलरमध्ये असला, तर हा उपद्रव होत नाही, शिवाय रात्री अन्नाच्या वासाने रानडुक्कर किंवा कुत्री तंबूजवळ येण्याचा संभवही कमी होतो. तंबूत अन्न ठेवू नये. बामणोलीहून होडीने वासोट्याला जाणाऱ्यांना दिवसभर सामान मागे सोडावे लागते. तेव्हा कुलूप लावता येणारा ट्रेलर तंबूपेक्षा निश्चिंत ठेवतो, मात्र हुकालाही कुलूप लावावे.

तंबूत झोपणाऱ्याने जमिनीवरच्या जिवांची काळजी घ्यावी. घोणस आणि फुरसे हे दोन्ही विषारी साप आपल्या भागात आहेत आणि दगडांखाली विंचू असतात. तंबूची चेन नेहमी पूर्ण लावावी, बूट आत घ्यावेत, सकाळी ते झटकून घालावेत आणि रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. जमिनीपासून उंच झोपण्याचा ट्रेलरमधला लाभ येथे खरा जाणवतो, हे मान्य केले पाहिजे.

दोन्ही हवे असेल तर

आता मी ज्या रचनेवर स्थिरावलो आहे, तीत कायमचा पलंग नाही. तळाशी सव्वा फूट उंचीच्या चार पेट्या दोन ओळींत बसतात, त्यांच्यावर तीन सुट्या फळ्या आणि घडीची गादी. पेट्यांतील सामान रात्रीही तेथेच राहते, वरचे हलके सामान तेवढे मोटारीत जाते. चौघे असताना फळ्या घरी ठेवतो आणि पूर्ण ट्रेलर सामानाला वापरतो. दोघे असताना फळ्या टाकून आत झोपतो. नवख्याने सुरुवात अशीच करावी, असे मला वाटते, कारण सुट्या फळ्या काढता येतात, वेल्डिंग केलेला पलंग काढणे खर्चाचे होते. मात्र या रचनेत वर सांगितलेली हवेची छिद्रे, आतून उघडणारे दार आणि टेकू पहिल्यापासून करून घ्यावे लागतात. ट्रेलरच्या छतावर घडीचा तंबू बसवण्याचाही एक मार्ग आहे. त्याने खाली सामान आणि वर माणसे अशी सोय होते, पण वजन उंचावर गेल्याने घाटातील वळणांवर ट्रेलर झुकतो, म्हणून आपल्या रस्त्यांसाठी मी तो सुचवत नाही.

निघण्यापूर्वी घराच्या अंगणात एक पूर्ण रात्र काढावी. सर्व सामान भरून, संध्याकाळी सात वाजता काढायला घेऊन, स्वयंपाक करून, आत किंवा तंबूत झोपून सकाळी पुन्हा सर्व भरावे. काढायला आणि भरायला किती वेळ लागला, ते लिहून ठेवावे. अंगणात एक तास लागत असेल, तर पावसात दोन तास लागतात.

जागा, परवानगी आणि घाट

कास पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे आणि तेथील फुले ज्या मातीच्या पातळ थरावर उगवतात, तो चाकाखाली एकदा दाबला गेला की लवकर सावरत नाही. ट्रेलर किंवा तंबू पठारावर नेण्याचा विचारही करू नये. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे प्रवेश वन विभागाच्या नियमांनीच होतो आणि मनाला येईल तेथे मुक्काम करता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन (राहण्याची सोय असलेले वाहन) पर्यटनाचे धोरण आणले आहे, तरी नवख्याने पहिले काही मुक्काम कृषी पर्यटन केंद्रात किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या रानात करावेत. पाणी आणि शौचालय मिळते, आणि रात्री अडचण आली तर हाकेला माणूस असतो. नदीच्या पात्रात किंवा धरणाखालच्या वाळवंटात कधीही उतरू नये. विसर्ग वाढवला की पाऊस नसतानाही पाणी चढते.

यवतेश्वरचा किंवा पसरणीचा घाट ट्रेलरसह उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, ब्रेकवर पाय सतत ठेवू नये. ब्रेक तापले की धरत नाहीत. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. ट्रेलर आतल्या बाजूने कापत येतो, म्हणून वळण मोठे घ्यावे. मागे घेण्याचा सराव मोकळ्या मैदानात आधी करावा. स्टिअरिंग उजवीकडे वळवले की ट्रेलर डावीकडे जातो, हे हाताला सवयीचे व्हायला दोन-तीन दिवस लागतात. आपल्या गावातील एखाद्या ट्रॅक्टरचालकाला शेजारी बसवून हे शिकावे, त्याच्याइतका चांगला शिक्षक मिळणार नाही. ट्रेलरच्या मागे लाल आणि बाजूंना पिवळे चमकणारे पट्टे लावावेत, आणि उसाच्या हंगामात रात्रीचा प्रवास टाळावा, कारण अंधारात दिवे नसलेल्या ट्रॉल्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

घरी परतल्यावर

ट्रेलर त्याच दिवशी पूर्ण रिकामा करावा. गादी आणि तंबू सावलीत वाऱ्यावर वाळवावेत, ट्रेलरची दारे दोन दिवस उघडी ठेवावीत. पाण्यातून किंवा चिखलातून गेला असेल, तर हब (चाकाचा मधला भाग) उघडून बेअरिंगचे ग्रीस पाहावे. ते दुधाळ दिसले, म्हणजे आत पाणी शिरले आहे, तेव्हा जुने ग्रीस पुसून नवे भरावे. टायरमधील हवा तपासून, सांगाड्याखाली ठोकळे देऊन चाकांवरचा भार कमी करावा आणि स्टेपनीतही हवा आहे ना, ते त्याच वेळी पाहून घ्यावे.